हवा वरून, आवाजही वरूनच!

तारकर्लीला स्कूबा केलंय? मी केलं. मासे बघायचे सोडून माझी नजर सारखी हवेच्या काट्यावर! हवा संपली तर? इन्स्ट्रक्टरचा हात सुटला तर? वीस मिनिटांत हौस फिटली.

काहींची मात्र ही नोकरीच असते, बॉस. नदीत गाडी पडली, कुणी बुडालं की पोलीस किंवा फायर ब्रिगेडचे पाणबुडे उतरतात. तिथे निळंशार पाणी नसतं. गाळ, सांडपाणी, तुटक्या तारा. स्वतःचा हातही दिसत नाही, सगळा शोध चाचपडत.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचंच घ्या. २६ मार्च २०२४ला 'डाली' हे जहाज (त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय) पुलावर आदळलं आणि रस्त्यावरचे खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. दुसऱ्या दिवशी २५ फूट पाण्यात, एका लाल पिकअपमध्ये दोघांचे मृतदेह मिळाले. मग शोध थांबवावा लागला, कारण पुलाच्या लोखंडात शिरणं पाणबुड्यांच्याच जिवावर बेतलं असतं. शेवटचा कामगार सापडला ७ मे रोजी. पाणी इतकं गढूळ, की बोटीवरची माणसं सोनारचं चित्र बघून नेव्हीच्या पाणबुड्यांना बोलून वाट दाखवत होती.

अशाच पाण्यासाठी 'सरफेस सप्लाय' ही पद्धत आहे. हवा पाठीवरच्या सिलिंडरमधून नाही, तर वरून नळीने येते. त्या नळीच्या जुडग्याला म्हणतात अंबिलिकल, म्हणजे चक्क नाळ! हवेची नळी, बोलायची वायर, खोली मोजणारी बारीक नळी आणि भार पेलणारा दोर, सगळं एकत्र. डोक्यावर बंद हेल्मेट असल्यामुळे घाण पाणी नाकातोंडात जात नाही. पाठीवर छोटा सिलिंडर असतो, पण तो फक्त इमर्जन्सीसाठी. कुठे अडकलात, तरी काट्याकडे बघत घाबरायचं टेन्शन नाही. सोडवायला वेळ मिळतो, आणि कानात ओळखीचा आवाज असतो.

मग सगळीच पथकं हे का वापरत नाहीत? खर्च, वजन, जास्त माणसं, जास्त ट्रेनिंग. शिवाय मांडामांडीला वेळ लागतो, आणि बुडणाऱ्याकडे तो नसतो. म्हणून अनेक जण अजून स्कूबा आणि कमरेच्या दोरावरच उतरतात.

पुढच्या वेळी पुलावरच्या गर्दीत मोबाईल काढलात, तर पाण्याकडे नको, काठावर दोर धरून उभ्या माणसाकडे बघा. आणि प्लीज, त्याला काही विचारू नका. तो ऐकतोय.