पंगतीपासून समुपदेशनापर्यंत

काशीचा राजा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात तो दगडी बांधून काढला आणि तिथे अन्नछत्र चालवले. वेद, न्याय, व्याकरण शिकायला दूरदेशींहून येणाऱ्या मुलांना काशीत अशा छत्रांचाच आधार असे. दोन वेळच्या जेवणाची भ्रांत मिटली, की वर्षानुवर्षांचे अध्ययन तडीस जाई. विद्यार्थी-कल्याणाची ही आपली जुनी तजवीज. पण ती पंगत प्रामुख्याने ब्राह्मण पुरुषांची होती, हेही विसरून चालणार नाही.

पंगतीची ही कुंपणे महाराष्ट्रात हलली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. शिक्षण टिकते ते अशा पाठबळावर.

काशीतच 1916 मध्ये मदनमोहन मालवीयांनी हिंदू विश्वविद्यालयाचा पाया घातला. वसतिगृहे, मैदाने, रुग्णालय सगळे एकाच विस्तीर्ण परिसरात आले, आणि तिथल्या व्यायामशाळेला शिवाजी हॉल हे नाव मिळाले. शरीर कमावणे हा तिथे शिक्षणाचाच भाग होता.

आज प्रश्न मनापर्यंत पोचला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले होते, इतर कुठल्याही राज्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे बजावले. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. हे सगळे हवेच. पण समुपदेशकाची खोली उघडली म्हणजे काम संपले, असे समजणे घातक आहे.

शिष्यवृत्ती सहा महिने अडकलेली, मेसचे बिल थकलेले, परीक्षेचे वेळापत्रक ऐनवेळी बदललेले, वर्गात आडनावावरून टोमणे. अशा मुलाला केवळ श्वसनाचे व्यायाम शिकवून काय साधणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या ओटावा सनदेने हेच सांगितले: माणूस जिथे राहतो, शिकतो, काम करतो तिथेच आरोग्य घडते. 2015 च्या ओकानागन सनदेने तो विचार विद्यापीठांच्या साऱ्या कारभाराला लागू केला.

व्यवस्थापनाची खरी कसोटी इथे लागते. आरोग्यकेंद्र, वसतिगृह, परीक्षा विभाग, शिष्यवृत्ती कक्ष, क्रीडा विभाग हे सगळे आपापल्या फायलीत बंद असतात. मूल मात्र एकच असते. एखादा विद्यार्थी तीन दिवस जेवायला आला नाही, हे सर्वांत आधी कळते ते मेसमधल्या वाढप्याला. पण ते सांगायचे कुणाला, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. वाढपी, रखवालदार, रेक्टर, ग्रंथालयातले कर्मचारी यांना थोडे प्रशिक्षण आणि एक ठरलेला माणूस दिला, तर कितीतरी संकटे वेळीच ओळखता येतील. मात्र ही विचारपूस आपुलकीची हवी. ती पाळत ठरली, किंवा मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चघळली गेली, तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

म्हणून प्रत्येक विद्यापीठात या सगळ्या खात्यांना एकत्र बसवण्याचा अधिकार असलेली एक जबाबदार व्यक्ती हवी, तिच्या हाती स्वतंत्र निधी हवा आणि निर्णयाच्या बैठकीत विद्यार्थी हवेत. योगदिन, शिबिरे, भित्तिपत्रके जरूर व्हावीत. पण वर्षाचा ताळेबंद मांडताना विचारावे ते हे: शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली का, मेसचे जेवण धड होते का, मदत मागायला आलेल्याला किती दिवस थांबावे लागले? या तीन प्रश्नांची उत्तरे दरवर्षी जाहीर करणारे विद्यापीठच आपल्या विद्यार्थ्यांचे पालकत्व निभावते, असे मी मानतो.