जुन्या ट्रॉलीचे ब्रेक कोण पाहतो?

दिवाळी आटोपली की निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या आपल्या साऱ्या भागात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. त्याआधी महिनाभर अनेक घरांत एकच बोलणे चाललेले असते. ट्रॅक्टर आहेच, एखादी जुनी ट्रॉली मिळाली तर यंदा कारखान्याची ओढणी करता येईल. थोडे सोसायटीचे, थोडे पाहुण्यांचे, प्रसंगी घरातल्या बाईच्या अंगावरचे, असे पैसे जमतात आणि ट्रॉली दारात येते. टायर किती झिजले, हौद्याचा पत्रा कुठे सडला, पाटे बसलेत का, हे सारे पारखून घेतलेले असते. ब्रेकचे मात्र क्वचितच कोणी विचारतो. विचारलेच तर विकणारा म्हणतो, "ट्रॅक्टरला आहेत की!"

हे उत्तर ऐकून गप्प बसू नये. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन टन, आणि मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्या तर त्याच्या कितीतरी पट ओझे. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, पण मागचा ऊस थांबत नाही. तो ढकलतो. वळण असेल तर दांडी आडवी होते आणि ट्रॅक्टर फिरतो किंवा उलटतो. वेग ताशी 15 किलोमीटरवरून 30 झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते. 'सावकाश' हा शब्द मराठीत आहे तसा आपल्या भागातल्या कानडीतही आहे. चालकाला तो कोणत्याही भाषेत सांगा.

जुन्या ट्रॉलीला ब्रेक असलाच तर तो कसला, हे आधी पाहावे. काहींना नुसता उभे करताना ओढायचा हाताचा दांडा असतो. चालत्या गाडीला त्याचा उपयोग नाही. काहींच्या दांडीतच सरकती रचना असते. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडी आत सरकते आणि त्या रेट्यानेच ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लागतो. युक्ती सुंदर आहे, पण दांडीत ग्रीस नसेल, गंज धरला असेल तर ती सरकतच नाही. तिसरा प्रकार तेलाचा किंवा हवेचा, ट्रॅक्टरमधून नळीने जोडलेला. त्यात नळीला चिरा, सांध्याला गळती आणि जुने तेल ही दुखणी. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून दिसायला भरलेले असले तरी ते ठरावीक काळाने बदलावे लागते.

तपासणी अवघड नाही. चाकाखाली जॅक आणि बाकीच्या चाकांना ठोकळे लावून चाक हाताने फिरवायचे. "गाली तिरगस्री" असे मिस्त्री म्हणाला, तर नव्या सूनबाईलाही कळावे म्हणून सांगतो, गाली म्हणजे चाक. ब्रेक लावल्यावर चाक घट्ट धरले पाहिजे, सोडल्यावर मोकळे फिरले पाहिजे. मग ड्रम उघडायला सांगा. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असेल तर बदला. त्यावर ग्रीस आलेले दिसले तर नुसते पुसून भागत नाही. आतले सील गेलेले असते, ते बदला आणि लायनरही. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

दुरुस्तीनंतर रिकामी ट्रॉली चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. हात ड्रमला न लावता जवळ धरून पाहा. एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असेल, तर एक ब्रेक अडकतो आहे किंवा दुसरा लागतच नाही. अशी गाडी ब्रेक लावताच एका अंगाला ओढते.

चालकाला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या ब्रेकचे वेगळे पेडल असतात. रस्त्यावर येताना ती कडीने जोडलीच पाहिजेत. आणि तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची नाही. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा.

ट्रॉली कोल्हापूरकडची असेल तर एक कागदी कामही आहे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, त्यामुळे राज्य बदलताना तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला मागून घ्यावा. व्यवहार पुरा होण्याआधीच मागा, नंतर विकणारा भेटत नाही.

हंगाम संपला की ट्रॉली पावसात उभी राहते. तेव्हा हाताचा ब्रेक ओढून ठेवू नका. चार महिन्यांत लायनर ड्रमला गंजाने चिकटते आणि पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी चाक घासत निघते. ब्रेक मोकळा सोडा आणि चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा.