भटका मासा आणि आठ देशांची युक्ती

घरातली एक मोठी परात घ्या. तिच्यात दोन बोटे पाणी ओता आणि पाण्यावर चिमूटभर कोंडा भुरभुरा. आता परातीच्या एका कडेशी तोंड नेऊन सावकाश, सतत फुंकर घालत राहा. कोंडा समोरच्या कडेला जाऊन गोळा होईल. पण तो तेथे राहील तुम्ही फुंकत असाल तोवरच. दम लागून थांबलात, की तो हळूहळू मागे पसरू लागेल.

विद्यार्थिमित्रहो, हा दोन मिनिटांचा प्रयोग लक्षात ठेवा. पृथ्वीवरील सर्वांत मोठा महासागर, म्हणजे पॅसिफिक, विषुववृत्ताजवळ काहीसा असाच वागतो. त्याच्या या वागण्यामुळे तेथील आठ लहान देशांपुढे एक अवघड गणित उभे राहिले. जो मासा या वर्षी माझ्या समुद्रात आहे आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या, तो कोणाचा?

महासागराची परात

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. उन्हाने तापलेले पृष्ठभागाचे पाणी ते पश्चिमेकडे लोटतात. पापुआ न्यू गिनी व त्याच्या आसपासच्या बेटांजवळ अशा कोमट पाण्याचा शंभर मीटरांहून अधिक जाडीचा थर साचतो. त्याचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर असते. तेथील समुद्राची पातळीसुद्धा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते! पूर्वेकडे मात्र वरचे पाणी ढकलले गेल्यामुळे त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते.

दर काही वर्षांनी हे वारे मंदावतात. मग फुंकर थांबल्यावर कोंडा पसरला, तसे पश्चिमेचे कोमट पाणी पूर्वेकडे पसरते. हाच तो एल निनो. याउलट वारे नेहमीपेक्षा जोराने वाहिले, तर कोमट पाणी पश्चिमेला अधिकच रेटले जाते. त्या स्थितीला ला निना म्हणतात.

आता या पाण्यातल्या माशाकडे वळू. ट्यूना माशाला आपल्या कोकण किनाऱ्यावर कुपा म्हणतात. त्यातली स्किपजॅक ही जात डब्यात बंद करून जगभर विकली जाते, आणि तिचा फार मोठा हिस्सा याच पाण्यातून येतो. स्किपजॅकला कोमट पाणी मानवते. पण नुसत्या उबेने पोट भरत नाही. कोमट पाण्याच्या पूर्वेकडील कडेला, जेथे त्याची पोषक द्रव्ये असलेल्या थंड पाण्याशी गाठ पडते, तेथे बारीक सागरी जीव दाटीने असतात. साहजिकच स्किपजॅकचे थवे त्या कडेच्या आसपास जमतात. कडा सरकली की थवेही सरकतात, आणि तेसुद्धा थोडेथोडके नव्हे, हजारो किलोमीटर. म्हणून एल निनोच्या वर्षी किरिबाटी देशाच्या समुद्रात मासेमारी वाढते, तर ला निनाच्या वर्षी पापुआ न्यू गिनीकडे.

पाण्यावरच्या रेषा

पाणी असे हलते. माणसाने आखलेल्या रेषा मात्र हलत नाहीत. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, समुद्रातील संपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ सालच्या सागरी कायद्याच्या कराराने या हक्कावर शिक्कामोर्तब केले.

याचा परिणाम पाहायचा असेल, तर नाऊरू या देशाचे उदाहरण घ्या. हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरचे. बेटाला एक बिंदू मानून ३७० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर भरेल. प्रत्यक्षात नाऊरूच्या वाट्याला सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर समुद्र येतो, कारण पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर किरिबाटीचे बानाबा बेट आहे आणि मधला समुद्र दोघांत वाटला जातो. तरीही हा समुद्र जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा झाला! जमीन खेड्याएवढी आणि पाणी राज्याएवढे. अशा देशाला मासा हीच शेती आणि मासा हीच खाण.

पण ही शेती पिकवणारी मोठी जहाजे दूरच्या श्रीमंत देशांची होती. ती बेटांना ठरावीक शुल्क देत आणि मासा घेऊन जात. एखाद्या देशाने जास्त पैसे मागितले, तर उत्तर ठरलेले असे : “तुम्हाला परवडत नसेल, तर आम्ही शेजाऱ्याकडे जातो.” शेजारी गरजू असल्याने तो कमी भावात तयार होई. अमेरिकेची भूमिका तर त्याहून कठीण होती. तिच्या कायद्याप्रमाणे ट्यूना हा भटका मासा असल्यामुळे त्याच्यावर कोणत्याच किनारी देशाचा हक्क नव्हता. १९८४ साली सॉलोमन बेटांनी आपल्या समुद्रात विनापरवाना मासेमारी करणारे ‘जॅनेट डायना’ हे अमेरिकन जहाज पकडले, तेव्हा अमेरिकेने त्या चिमुकल्या देशाच्या माशांच्या आयातीवरच बंदी घातली. हा वाद पुढे वाटाघाटींनी मिटला आणि १९८७ साली पॅसिफिकमधील बेटांच्या देशांनी एकत्र येऊन अमेरिकेशी करार केला. परवाना आणि त्याचे मूल्य अमेरिकन जहाजांना मान्य करावे लागले. एकट्याने जे साधले नसते, ते एकत्र येऊन साधले.

माशांऐवजी दिवस मोजा

एकीची सुरुवात त्याआधीच झाली होती. फेब्रुवारी १९८२ मध्ये सात देशांनी नाऊरू करार केला आणि पुढे तुवालूही त्यात सामील होऊन ते आठ झाले. ते देश असे : पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, किरिबाटी, नाऊरू, तुवालू, मार्शल बेटे, पलाऊ आणि मायक्रोनेशिया. कोणत्या अटींवर परवाने द्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, असे त्यांनी मान्य केले.

तरी मूळ गणित उरलेच होते. प्रत्येक देशाला ठरावीक टन मासा वाटून द्यावा, तर ज्या वर्षी मासा दुसरीकडे गेला त्या वर्षी हातात काय? यावर २००७ साली एक युक्ती अमलात आली. बटव्यासारखे आवळले जाणारे पर्ससीन जाळे वापरणाऱ्या जहाजांसाठी मासे मोजण्याऐवजी मासेमारीचे दिवस मोजायचे! आठही देशांच्या समुद्रात मिळून वर्षाला एकूण किती दिवस मासेमारी होऊ द्यायची, ते आधी ठरवतात. हा आकडा साधारण ४५ हजारांच्या आसपास असतो. मग ते दिवस देशांत वाटले जातात आणि प्रत्येक देश आपले दिवस जहाजांना विकतो. जहाज मोठे तर हिशोबही मोठा : ८० मीटरांहून लांब जहाजाचा एक दिवस दीड दिवस धरला जातो, तर ५० मीटरांहून लहान जहाजाचा अर्धाच.

आता यातली खुबी पाहा. हे दिवस एक देश दुसऱ्या देशाला देऊ शकतो. समजा, एल निनोमुळे मासा पूर्वेकडे गेला. पश्चिमेकडील देशाचे दिवस पडून राहणार. मग तो ते पूर्वेकडील देशाला मोबदला घेऊन देतो. मासा गेला तरी उत्पन्न पार बुडत नाही. पुढे वारे फिरले की देवाणघेवाणही फिरते. एकूण दिवस मात्र तेवढेच राहतात, त्यामुळे समुद्रावरचा ताण वाढत नाही.

एका दिवसाचा किमान भावही सर्वांनी मिळून ठरवला : आधी ५ हजार अमेरिकी डॉलर, आणि २०१५ पासून ८ हजार. ‘शेजाऱ्याकडे जातो’ ही धमकी आता चालेना. २०१० साली या देशांना सुमारे ६ कोटी डॉलर मिळत होते. त्या दशकाच्या अखेरीस हा आकडा ५० कोटींच्या घरात गेला. शाळा, दवाखाने यांसाठी लागणारा पैसा अनेक बेटांना आता मुख्यतः यातूनच मिळतो. जहाज कोठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने कळते आणि जहाजावर निरीक्षक ठेवण्याची अट असते. वैज्ञानिकांच्या मोजणीप्रमाणे तेथील स्किपजॅकचा साठाही टिकून आहे.

पुढचा पेच

मग सारे सुरळीत झाले का? नाही. दिवस तेवढेच असले, तरी जहाजांची यंत्रे सुधारत आहेत आणि एका दिवसात पूर्वीपेक्षा जास्त मासा हाती लागतो. तेव्हा दिवसांची संख्या पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

दुसरा पेच याहून मोठा आहे. एल निनोत पूर्वेकडे गेलेला मासा परत येतो. पण पृथ्वी तापत चालल्यामुळे महासागराचा पृष्ठभागही तापतो आहे, आणि ट्यूनाचे थवे कायमचे पूर्वेकडे सरकण्याची चिन्हे आहेत. तेथे कोणत्याही देशाच्या रेषेत न येणारा खुला समुद्र आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच मोठे राहिले, तर २०५० पर्यंत पॅसिफिकमधील दहा बेटराष्ट्रांच्या समुद्रातील पर्ससीन जहाजांची पकड सरासरीने सुमारे २० टक्क्यांनी घटेल. हे वायू सोडण्यात या देशांचा वाटा नगण्य आहे. त्यांनी आपापसांत कितीही एकी केली, तरी हा प्रश्न त्यांना एकट्यांना सुटणारा नाही. त्यात तुम्हाआम्हा सर्वांचा भाग आहे.

एल निनोचे नाव आपल्याकडे वर्तमानपत्रांत येते ते पावसाच्या काळजीने. पुढच्या खेपेला ते वाचाल, तेव्हा परातीतला कोंडा आठवा. ज्या वाऱ्यांच्या मंदावण्याने आपला शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो, त्याच वाऱ्यांमुळे तिकडे आठ देश आपापल्या दिवसांचा हिशोब पुन्हा मांडत असतात.