उदय शंकर आणि त्यांचा नृत्यसंच

उदय शंकर (1900–1977) यांनी तरुणपणी कुठल्याही शास्त्रीय नृत्यशैलीची रीतसर तालीम घेतली नव्हती. जन्म उदयपूरचा, कुटुंब बंगाली. आधी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते शिकले ती चित्रकला. 1923 मध्ये रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोवा हिने भारतीय विषयांवरची नृत्ये बसवायला त्यांची मदत घेतली. तिच्या बॅलेत ती राधा झाली आणि ते कृष्ण. शास्त्राच्या काट्यावर त्यांचे नृत्य उतरले नसते. पण रंगमंचाची चौकट कशी भरायची, हे या चित्रकाराला नेमके ठाऊक होते.

स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर हिच्या मदतीने त्यांनी स्वतःचा संच उभा केला. त्यात बहुतेक घरचीच माणसे. धाकटा भाऊ रवी (पुढे सतारवादक म्हणून जगभर गाजलेले पंडित रविशंकर) तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा. जोडीला फ्रेंच नर्तिका सिमकी. मार्च 1931 मध्ये पॅरिसला पहिला प्रयोग झाला आणि पुढे संच अमेरिकेलाही पोहोचला. संगीताची बाजू आधी तिमिर बरन यांनी, नंतर गायक पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी सांभाळली.

परदेशात नाव झाल्यावर त्यांनी उलटा प्रवास केला. महायुद्ध पेटले त्या सुमारास त्यांनी हिमालयातल्या अल्मोड्याला संस्कृती केंद्र काढले आणि गुरूंनाच तिथे बोलावून घेतले: कथकळीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लई, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. सगळ्या शैली एका आवारात, आणि त्यांच्याबरोबर स्वतःहून हालचाल सुचवायला लावणारे वर्ग. नुसते चालण्याचाही तिथे सराव असे. केंद्राची रामलीला सावल्यांची होती. मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे दिवा आणि मध्ये नर्तक. दिव्याजवळ सरकावे तशी सावली अजस्र होत जाई. ‘लेबर अँड मशिनरी’ या नृत्यनाट्यात तर नर्तकांची शरीरेच यंत्राचे भाग बनत. देवादिकांच्या कथा सोडून कारखान्यातल्या मजुराकडे वळण्याचे हे धाडस त्यांच्या पौराणिक नृत्यांहून मोलाचे वाटते.

पैशांअभावी 1944 मध्ये केंद्र बंद पडले. त्याचे स्वप्न उदय शंकर यांनी ‘कल्पना’ (1948) या चित्रपटात मांडले. नायकनायिका ते स्वतः आणि पत्नी अमला. गल्ल्यावर चित्रपट आपटला. मात्र 2012 मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. उदय शंकर यांना 1971 मध्ये पद्मविभूषण मिळाले.

अल्मोड्यातून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपापल्या वाटा धरल्या. शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला, सचिन शंकर यांनीही तिथेच आपला बॅले संच उभारला. जोहरा सेहगल पृथ्वी थिएटर्समध्ये गेल्या. गुरू दत्त पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले आणि तिथे नृत्ये बसवू लागले.