रूपककथा आणि यहूदीसंहाराचे शिक्षण

नाथान संदेष्ट्याने दावीद राजास गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. पण तो तेथेच थांबला नाही. गोष्टीतील अपराधी कोण, हे त्याने राजास तोंडावर सांगितले (2 शमुवेल, अध्याय 12). यहूदीसंहाराविषयी बालकांना रूपकाने शिकविताना हा दुसरा भाग बहुधा गळतो.

इव्ह बंटिंग यांचे ‘टेरिबल थिंग्ज’ (1980) हे या प्रकारातील प्रसिद्ध पुस्तक. रानात भयंकर आकृत्या येतात आणि प्रथम पिसे असलेले, मग झुपकेदार शेपटीचे, असे एकेका जातीचे प्राणी जाळ्यांत धरून नेतात. इतर गप्प राहतात. शेवटी सशांची पाळी येते. मृत्यूचे बीभत्स दर्शन न घडविता मौनाचे पाप लहानग्यांनाही उमगावे, हे या कथेचे सामर्थ्य होय.

मात्र तिच्यातील मारेकरी माणसे नाहीत, आणि येथेच आपल्यासारख्यांची फार सोयीस्कर सुटका होते. सुमारे 60 लाख यहूदी, त्यांत सुमारे 15 लाख बालके, ज्यांनी मारली त्यांतील बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता. पिसांचा द्वेष रानात कोणी शिकविला नव्हता. यहूद्यांचा द्वेष मात्र शतकानुशतके प्रवचनपीठांवरूनही शिकविला गेला. ख्रिस्तवधाचा दोष समस्त यहूद्यांवर ठेवता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी स्पष्ट केले.

नऊ-दहा वर्षांखालील मुलांपुढे वायुकोठड्यांचे वर्णन नको. पण गोष्ट संपताच ‘यहूदी’ हे नाव उच्चारावे, आणि येशू व मरिया त्याच लोकांतील होते, हेही त्याच तासाला सांगावे.