मोबाइलवरचा ब्राउझर कसा निवडावा?

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्हाला एक साधा प्रश्न विचारण्यात आला. एका गावातील शाळेला देणगीदाराने वापरलेले बारा टॅबलेट दिले होते. त्यांवर कोणता ब्राउझर घालावा, असे तेथील विज्ञानशिक्षकांना जाणून घ्यायचे होते. प्रश्न पुरा होण्याआधीच सभागृहातून चार उत्तरे आली. क्रोम वेगवान, ऑपेरा हलका, फायरफॉक्स सुरक्षित, ब्रेव्हमध्ये जाहिराती नाहीत! ज्याच्या फोनमध्ये जो ब्राउझर होता, त्याची त्याने शिफारस केली होती. टॅबलेट किती जुने आहेत, हे मात्र कोणीच विचारले नाही. वास्तविक पहिला प्रश्न तोच हवा होता. तो का, हे समजण्यासाठी ब्राउझर आतून कसा चालतो ते थोडे पाहू.

ब्राउझर काय करतो?

संकेतस्थळाकडून आपल्या फोनकडे येते ते तयार चित्र नसते. येतो तो खुणा घातलेला मजकूर. हे शीर्षक, हा परिच्छेद, येथे छायाचित्र, अशा त्या खुणा असतात. त्यासोबत रंग व मांडणीचे नियम आणि काही आज्ञावलीही येतात. हे सारे वाचून कोणता शब्द पडद्यावर नेमका कोठे बसेल याचा हिशेब करायचा, तो रेखाटायचा आणि आज्ञावली चालवायची, हे काम ब्राउझरचे 'इंजिन' करते. वरची पट्टी, बटणे, वाचनखुणा हा झाला बाहेरचा साज. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हापासून या कामाचे मूळ स्वरूप बदललेले नाही. बदलली आहे ती त्याची गुंतागुंत. आजचे इंजिन हा लक्षावधी ओळींचा प्रोग्रॅम असतो आणि एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये चुका राहणे अटळ असते.

साज अनेक, इंजिने तीन

अ‍ॅपच्या दुकानात डझनावारी ब्राउझर दिसतात. मोबाइलवर त्यांच्या पोटात असणारी प्रमुख इंजिने मात्र तीनच आहेत. अ‍ॅपलच्या सफारीचे वेबकिट, गूगलच्या क्रोमचे ब्लिंक आणि मोझिलाच्या फायरफॉक्सचे गेको. त्यातही पहिली दोन एकाच घराण्यातली. केएचटीएमएल या मुक्त प्रोग्रॅमपासून अ‍ॅपलने वेबकिट घडवले आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक हे नाव दिले. अँड्रॉइडवरचे क्रोम, एज, ब्रेव्ह, विवाल्दी, ऑपेरा आणि सॅमसंगचा ब्राउझर हे सगळे ब्लिंकवर चालतात. त्यांच्यात वेगाचा मोठा फरक जाणवत नाही, याचे कारण हेच.

आयफोन आणि आयपॅडवर तर आणखी मौज आहे. तेथील प्रत्येक ब्राउझरने वेबकिटच वापरले पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम होता. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे अन्य इंजिनांना मुभा मिळाली. आपल्याकडे मात्र आयफोनवर क्रोम घेतला तरी त्याच्या आत वेबकिटच असते.

शिवारात सगळीकडे एकाच वाणाचे पीक असले, की एकच रोग सर्वांना गाठतो. इंजिनांचेही तसेच आहे. ब्लिंकमध्ये सुरक्षेची एखादी त्रुटी सापडली, की ती त्यावर चालणाऱ्या सर्व ब्राउझरांची त्रुटी ठरते. दुरुस्तीही लवकर तयार होते, पण ती आपल्या फोनपर्यंत पोचली तरच उपयोगाची. त्रुटी जाहीर झाल्यानंतर दुरुस्ती न घेतलेला फोन हा कुलूप मोडके आहे अशी पाटी लावलेल्या घरासारखा असतो.

फुकट ब्राउझरचा खर्च कोण करतो?

इंजिन सांभाळायला शेकडो अभियंते लागतात. तरी आपण ब्राउझरसाठी पैसे मोजत नाही. हा खर्च मुख्यतः शोधयंत्र व जाहिरातींतून निघतो. ब्राउझर आणि फोन यांवर आपले शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गूगलशी केलेल्या अशाच करारातून येते. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये स्वतःची अ‍ॅप्स आधीच बसवून देण्याची पद्धत हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. बहुतेक लोक आधी बसवलेली वस्तू बदलत नाहीत, हे कंपन्या जाणतात. एवढी किंमत त्या मोजतात ती याचसाठी.

उत्पन्न कोठून येते त्यावर ब्राउझरचे वागणेही ठरते. आपण एखादे बातमीपत्र उघडतो तेव्हा त्या पानात जाहिरात कंपन्यांचे तुकडेही असतात. ते आपल्या फोनवर 'कुकी' नावाची छोटी नोंद ठेवतात. दुसऱ्या संकेतस्थळावर त्याच कंपनीचा तुकडा आला, की नोंदीवरून आपली ओळख पटते. सफारीने मार्च २०२० पासून अशा परक्या कुकी सरसकट रोखल्या. फायरफॉक्स त्या प्रत्येक संकेतस्थळापुरत्या वेगळ्या कप्प्यात कोंडतो. क्रोम त्या बंद करणार, असे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले, परंतु २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

मधला मध्यस्थ

काही ब्राउझर डेटा वाचवतात. ते कसे? ऑपेरा मिनी हे त्याचे उत्तम उदाहरण. २००५ मध्ये आलेला हा ब्राउझर पान थेट फोनवर आणत नसे. कंपनीचा संगणक ते आधी उघडी, दाबून लहान करी आणि मग फोनकडे पाठवी. पानाचा आकार ९० टक्क्यांपर्यंत कमी होई. साध्या फोनमध्ये देवनागरी अक्षरे नसत, तेव्हा तो संगणक मराठी मजकुराचे चित्र करून पाठवू शके. २०१० च्या सुमारास अनेकांनी आपल्या फोनवर मराठी वाचली ती याच युक्तीने.

पण पान दाबायचे तर ते आधी वाचावे लागते. पाकीट फोडल्याशिवाय पत्राचा सारांश करता येत नाही, तसेच हे. म्हणजे संकेतस्थळ आणि आपण यांच्यामध्ये एक वाचणारा बसला. बातम्या वाचायला त्याची हरकत नाही, पण बँकेचा व्यवहार अशा मार्गाने करू नये.

विद्यार्थ्यांचा एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. 'इनकॉग्निटो' किंवा खासगी खिडकीत आपण अदृश्य होतो, असे त्यांना वाटते. खरे तर ती खिडकी बंद केल्यावर एवढेच होते, की त्या फोनवर भेटींची यादी व कुकी उरत नाहीत. आपण कोणते संकेतस्थळ उघडले ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. शाळेचे वायफाय सांभाळणाऱ्यालाही ते कळू शकते. त्या संकेतस्थळाला तर भेट कळतेच.

जुन्या उपकरणाचे काय?

आता त्या बारा टॅबलेटांकडे वळू. आम्ही त्यांची आवृत्ती पाहायला सांगितली. सेटिंग्जमध्ये शेवटी असलेल्या उपकरणाच्या माहितीत ती सापडते. अँड्रॉइड ८ निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या क्रोमच्या १३९ व्या आवृत्तीला किमान अँड्रॉइड १० लागते. म्हणजे त्या टॅबलेटांवर क्रोम चालेल, पण १३८ व्या आवृत्तीवर थांबलेला, आणि नव्या दुरुस्त्यांविना. फायरफॉक्सने मात्र २०२५ मध्ये आपली मर्यादा अँड्रॉइड ८ वर आणून ठेवली होती.

येथे दोन प्रकारच्या उपकरणांतील फरक लक्षात घ्यावा. अँड्रॉइडवर ब्राउझर स्वतःचे इंजिन दुकानातून वेगळे अद्ययावत करतो. म्हणून फोन जुना असला तरी ब्राउझर ताजा राहू शकतो. आयपॅडवर वेबकिट मूळ प्रणालीबरोबरच येते. प्रणालीच्या सुधारणा थांबल्या, की ब्राउझर बदलून काहीच साधत नाही.

वर्गात करण्याचा प्रयोग

एका फोनवर दोन ब्राउझर घ्या. दोन्हींतील साठवलेली जुनी माहिती पुसा. सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपने किती डेटा वापरला याची नोंद असते, ती लिहून ठेवा. मग भरपूर जाहिराती असलेले एकच बातमीचे पान दोन्हींत उघडून किती एमबी लागले ते मोजा. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात रोखणारे जोडसाधन घालून पुन्हा मोजा. फरकाला रिचार्जच्या दराने गुणायला सांगा. तेच पान लगेच पुन्हा उघडल्यास डेटा कमी का लागतो, हाही प्रश्न विचारा. पानाचा काही भाग फोनमध्ये साठून राहिलेला असतो, हे उत्तर मुले स्वतःच शोधून काढतात.

निवड करताना तीनच गोष्टी क्रमाने पाहाव्यात. माझ्या उपकरणावर याच्या दुरुस्त्या अजून येतात का? माझे पान कोणाच्या हातून जाते? आणि याचा खर्च कोण भागवतो? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर पुढचे दोन विचारण्याचे कारण उरत नाही.

त्या शाळेने बारा टॅबलेटांवर फायरफॉक्स घातला. मूळ प्रणालीच्या दुरुस्त्या बंद झालेल्या असल्याने त्यांवर कोणाचेही ईमेल वा बँकेचे खाते उघडायचे नाही, असा नियम केला. विश्वकोश, नकाशे आणि पाठ पाहण्यासाठी मुले ते वापरतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीचे दोन विद्यार्थी ब्राउझरची नवी आवृत्ती आली का ते तपासतात आणि वहीत तारीख घालून ठेवतात. ज्या दिवशी ती येणे थांबेल, त्या दिवशी टॅबलेटांचे इंटरनेट बंद करायचे, असेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.