सुचायच्या आधी लिहिणारे

अँथनी ट्रोलप १८३४ साली लंडनच्या टपालखात्यात कारकून म्हणून चिकटला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आपण कादंबऱ्या लिहायच्या, हे त्याच्या मनाने लवकरच घेतलं. पण पहिल्या कादंबरीला हात लागायला १८४३ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांतली बरीचशी कचेरीत उशिरा पोहोचणं, साहेबांची बोलणी खाणं आणि उधारी वाढवणं यांत गेली. ‘लिहायचंय, लिहायचंय’ म्हणत राहणाऱ्यांना हा माणूस लगेच आपला वाटेल.

पुढे याच माणसाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या! त्यातल्या कितीतरी टपालखात्याची नोकरी सांभाळून.

हे कसं जमवलं, ते त्याने आत्मचरित्रात काही आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी असे. त्या वेळी उठवून कॉफी आणून देण्याबद्दल घरच्या म्हाताऱ्या नोकराला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. साडेआठला लेखन बंद, कपडे चढवून न्याहारी, मग कचेरी. शिवाय एक वही होती. आज किती पानं झाली ते तिच्यात रोज मांडायचं, आणि दांडी मारली तर तो रिकामा रकाना स्वतःच्याच डोळ्यांत खुपू द्यायचा. १८५८ मध्ये टपालखात्याच्या कामासाठी तो इजिप्तला निघाला. बोटीवर समुद्र लागला. टेबलावर कागद तसेच टाकून तो उलटीसाठी केबिनकडे धावे, परत येऊन ठरलेली पानं पुरी करी.

आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये छापून आलं आणि बऱ्याच रसिकांचा हिरमोड झाला. प्रतिभा अशी घड्याळ लावून येते होय? ही तर कारकुनी झाली!

या आक्षेपाचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांनी एका प्रयोगातून मिळालं. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लेखन रखडलेले २७ प्राध्यापक गाठले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने अगदी गरज असल्याशिवाय लिहायचं नाही, फक्त सुचलेल्या नव्या कल्पना टिपायच्या. दुसऱ्याने वाटेल तेव्हा लिहायचं. तिसऱ्याने रोज लिहायचंच, आणि चुकलं तर स्वतःच्या पैशाची देणगी स्वतःला मनापासून न आवडणाऱ्या संस्थेला जायची. (ही अट ज्याला सुचली त्याला माणसं फार चांगली कळत असणार.) तिसऱ्या गटाने जास्त पानं लिहिली, यात नवल नाही: दिवसाला सरासरी ३.२, दुसऱ्या गटाची ०.९. नवल पुढे आहे. मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक नवी कल्पना सुचत होती, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. धाकाखाली लिहिणाऱ्यांना रोज एक! २७ माणसं म्हणजे नमुना लहानच, त्यावर सिद्धान्त उभारू नये. पण ‘सुचलं की लिहीन’ हा क्रमच उलटा असावा, अशी दाट शंका येते. हापशाला पाणी यायचं तर आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं. ट्रोलपचा तो वाचनाचा अर्धा तास मला तसा तांब्या वाटतो.

मग आपण टाळतो का? आळशी असतो म्हणून नव्हे, असं चालढकलीचा अभ्यास करणारे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस म्हणतात. कोऱ्या पानासमोर बारीकशी भीती वाटते. ‘उद्या बघू’ म्हटलं की ती त्याच क्षणी उतरते. ही सुटका म्हणजे बक्षीसच, आणि बक्षीस मिळालेली गोष्ट माणूस पुन्हा करतो. म्हणजे चालढकल हीसुद्धा रोजच्या सरावाने पक्की झालेली सवय आहे. गंमत आहे ना?

रोज काहीतरी लिहावं, हा समर्थांचा उपदेश आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो, तरी लिहायला बसणारे थोडेच. उपदेशात काही उणं नाही. कधी आणि कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं आणि ते ठरत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीटर गॉलविट्झर यांच्या जर्मनीतल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांत लिहून काढायला सांगितलं होतं. ज्यांच्याकडून वेळ आणि जागा आधी ठरवून घेतली, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ते लिहिलं, बाकीच्यांतल्या फक्त एक-तृतीयांशांनी. तसेच विद्यार्थी, तीच सुट्टी. फरक एका वाक्याचा.

सवय २१ दिवसांत लागते, हे मात्र विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी खाणंपिणं, व्यायाम अशा सवयींचा माग काढला. अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले आणि कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखाद्या खाड्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं.

ट्रोलपची आणखी एक खोड सांगायलाच हवी. इजिप्तला पोहोचून एक कादंबरी संपली, तर दुसऱ्या दिवशी त्याने पुढची सुरू केली. त्याचं टेबल रिकामं राहतच नसे. अर्धवट थांबवलेल्या कामाकडे माणूस कुणी न सांगता परत वळतो, असं मारिया ओव्हसियान्किना यांना १९२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रयोगांत दिसलं होतं. ट्रोलपने ही ओढ त्याआधी कितीतरी वर्षं राबवून घेतली. म्हातारपणी हात आखडला तेव्हा तो भाचीला मजकूर सांगू लागला. डिसेंबर १८८२ मध्ये तो गेला, तेव्हा एक कादंबरी अपुरी राहिली होती. दुसरी पूर्ण होऊन पडलेली होती. ती १८८४ मध्ये बाजारात आली.